वाक्याच्या शेवटाला कान लावणारे झेलिन्स्की

इसवी सनापूर्वी ९० च्या सुमाराची गोष्ट. रोममध्ये एका सभेत गायस कार्बो नावाचा लोकप्रतिनिधी बोलत होता आणि ऐकणाऱ्यांत तरुण सिसेरो, पुढे रोमचा सर्वांत गाजलेला वक्ता, उभा होता. बोलता बोलता कार्बोच्या तोंडून एक वाक्य गेलं: बापाचं शहाणपणाचं बोलणं पोराच्या अविचाराने खरं करून दाखवलं. लॅटिनमध्ये हे वाक्य 'कोम्प्रोबाविट' या क्रियापदावर संपतं. ते संपलं आणि सभेत असा काही गलका उठला, की चाळीसेक वर्षांनी वक्तृत्वावर पुस्तक लिहिताना सिसेरोला तो आठवला. त्याचं म्हणणं असं, की ही दाद त्या शेवटच्या शब्दाच्या चालीला होती. शब्द तेच ठेवा, फक्त क्रम बदला, क्रियापद शेवटून उचलून आधी आणा, की वाक्यातला जीव गेला.

कवितेला चाल असते हे आपल्याला ठाऊक आहे. साध्या गद्य भाषणातल्या वाक्याच्या शेवटी अक्षरं कोणत्या वजनाने पडतात यावर बाजारपेठेतला माणूस ओरडून दाद देतो, हे मात्र पचायला जड जातं. रोमन कानाला ते ऐकू येत होतं. पुढे लॅटिन बोलण्यातला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पुसट झाला आणि हा कान गेला. सिसेरोची भाषणं शतकानुशतकं शाळांत पाठ होत राहिली, पण त्यांच्या वाक्यांचा शेवट असा का, हे नीट मोजून कुणी सांगितलं नव्हतं.

ते काम ज्यांनी केलं, त्यांचं नाव तादेउश झेलिन्स्की. पोलिश माणूस, आयुष्यातली उमेदीची वर्षं रशियात गेली, मोठी पुस्तकं जर्मनमध्ये लिहिली आणि शेवट बव्हेरियातल्या एका तळ्याकाठच्या गावात झाला. जर्मन पुस्तकांवर त्यांचं नाव 'ताद्देउस' असं छापलेलं दिसतं, रशियन पुस्तकांवर 'फाद्देय'. माणूस एकच. मराठीत त्यांच्याविषयी फारसं वाचायला मिळत नाही, आणि मला ते खटकतं, कारण त्यांचा सर्वांत अवघड शोध समजायला मराठी वाचकाइतका तयार वाचक युरोपातही सहज सापडायचा नाही.

याचं कारण 'यमाताराजभानसलगा'. आपल्यापैकी अनेकांनी हे सूत्र शाळेत घोकलेलं असतं. त्यातली 'राजभा' ही तीन अक्षरं घ्या: गुरु, लघु, गुरु. हा झाला र गण. ग्रीक आणि लॅटिन छंदशास्त्रात नेमक्या याच तुकड्याला 'क्रेटिक' म्हणतात. झेलिन्स्कींना आढळलं ते असं, की सिसेरोच्या वाक्याचा शेवट बहुधा एका र गणावर पाय रोवतो आणि तिथून गुरु-लघु, गुरु-लघु अशा उतरत्या पावलांनी थांबतो. कधी दोन अक्षरांत थांबतो, कधी तीन, कधी चार. आपल्या सूत्राच्या भाषेत म्हणायचं तर 'राजभा राज', 'राजभा राजभा' आणि 'राजभा राजराज'. मोठ्याने म्हणून पाहा. तिन्ही चाली वेगळ्या आहेत, पण घर एक आहे. अगदी शेवटचं अक्षर लघु असो वा गुरु, दोन्ही चालतात. चरणाच्या शेवटी आपणही ही मोकळीक देतोच.

आता एक पाऊल पुढे. मात्रावृत्तात आपण एका गुरूच्या जागी दोन लघु बसवतो. लॅटिनमध्येही ते होतं. 'राजभा राज' मधला 'भा' फोडून दोन लघु केले, की 'राजनस राज' अशी चाल मिळते. सिसेरोचा सर्वांत लाडका शेवट 'एस्से विदेआतुर' (असावे असे वाटेल) हा बरोबर याच चालीत बसतो. देवनागरीत लिहिताना 'ए' नेहमी दीर्घ वाटतो, पण लॅटिनमध्ये ऱ्हस्व ए असतो, म्हणून इथे 'से' आणि 'दे' ही दोन्ही अक्षरं लघु धरायची. हा शेवट सिसेरोने इतका वापरला, की रोमन इतिहासकार टॅसिटसच्या संवादातलं एक पात्र, त्याच्या भाषणांत प्रत्येक तिसऱ्या वाक्याला हेच येतं, म्हणून कुरकुर करतं.

ही कुरकुर अभ्यासकांना आधीपासून माहीत होती. झेलिन्स्कींनी केलं ते असं, की कुरकुर खरी की खोटी हे पाहण्यासाठी सिसेरोची सगळी भाषणं घेतली आणि प्रत्येक वाक्याचा शेवट तपासला. जवळजवळ १८,००० शेवट. हाताने, कागदावर. प्रत्येक अक्षर लघु की गुरु हे ठरवायचं, चाल ओळखायची आणि खात्यात टाकायची. खाती पाच: खऱ्या, चालतील अशा, निवडक, वाईट आणि अतिवाईट. निम्म्याहून जास्त शेवट पहिल्या खात्यात पडले. 'सिसेरोच्या भाषणांतला वाक्यान्ताचा नियम' असा ज्याच्या नावाचा अर्थ होतो, तो जर्मन ग्रंथ १९०४ मध्ये लाइपझिगला निघाला, आणि तेव्हापासून लॅटिन गद्याच्या लयीवर लिहिणारा प्रत्येक जण त्याला धरून किंवा त्याच्याशी भांडून लिहीत आला आहे.

एवढी मोजदाद कशासाठी? एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. जुने ग्रंथ हाताने नकलून आपल्यापर्यंत आले. नकलताना शब्द मागेपुढे होतात, एखादा गळतो, एखादा घुसतो. दोन हस्तलिखितांत दोन पाठ असले तर खरा कोणता? व्याकरणाने दोन्ही बरोबर असू शकतात. अशा वेळी एक पाठ 'राजभा राज'वर उतरत असेल आणि दुसरा वेडावाकडा पडत असेल, तर पहिल्याच्या बाजूने एक साक्षीदार उभा राहतो. ज्ञानेश्वरीचे पाठभेद लावताना ओवीची चाल साक्षीला येते, तसंच हे. फरक इतकाच, की इथे चाल गद्याची आहे आणि ती आहे हेच आधी सिद्ध करावं लागलं.

या कामात एक कच्चा दुवाही राहिला, तो सांगायला हवा. सिसेरोच्या वाक्यान्तांत 'राजभा' वारंवार येतो हे मोजलं, पण लॅटिन भाषा बोलताना तो मुळातच, कुणी न ठरवता, किती वेळा येत असेल? त्याच्याशी तुलना केल्याशिवाय लेखकाची आवड किती आणि भाषेची सवय किती हे कळत नाही. ही तुलना पुढे डे ग्रूट या डच अभ्यासकाने केली. त्यातून झेलिन्स्कींचा नियम मोडला नाही, पण त्यातली कोणती चाल खरोखर निवडलेली आणि कोणती आपसूक आलेली हे जास्त स्पष्ट झालं.

आता माणसाकडे वळू. झेलिन्स्कींचा जन्म १८५९ चा, आज युक्रेनमध्ये असलेल्या प्रदेशातल्या एका खेड्यातला. त्या वेळी नकाशावर पोलंड नावाचा देशच नव्हता. १७९५ पर्यंत रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो तीन खेपांत वाटून खाल्ला होता. घर पोलिश, राज्य झारचं. आई लहानपणी गेली, वडील चौदाव्या वर्षाच्या आसपास गेले. सेंट पीटर्सबर्गमधल्या जर्मन शाळेत शिक्षण झालं. म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी हा मुलगा तीन भाषांत राहत होता, आणि वर ग्रीक-लॅटिन.

तिथून १८७६ मध्ये लाइपझिग. रशियन सरकारला आपल्या शाळांसाठी ग्रीक-लॅटिनचे शिक्षक हवे होते, म्हणून लाइपझिगमध्ये खास एक शिक्षणवर्ग चालवला जात होता. झेलिन्स्की त्यात शिकले आणि १८८० मध्ये रोम आणि कार्थेज यांच्यातल्या दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या अखेरच्या वर्षांवर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. (याच वर्षांत, याच विद्यापीठात, पुढे भाषाविज्ञानात गाजलेला फेर्दिनां द सोस्यूर संस्कृतमधल्या निरपेक्ष षष्ठीवर प्रबंध लिहीत होता. तेव्हाचं लाइपझिग हे जुन्या भाषांचं केवढं मोठं माहेर होतं, याची कल्पना यावी.) मग म्युनिक, व्हिएन्ना, इटली, ग्रीस असा प्रवास करून ते पीटर्सबर्गला परतले आणि तिथल्या विद्यापीठात जवळपास चार दशकं शिकवत राहिले.

त्यांचा पहिला मोठा ग्रंथ १८८५ चा, प्राचीन अथेन्समधल्या सुखात्मिकेच्या बांधणीवर. अ‍ॅरिस्टोफेनिसची नाटकं वरवर वाचली तर धमाल गोंधळ वाटतात. झेलिन्स्कींनी दाखवलं, की त्या गोंधळात एक ठरलेला सामना असतो. दोन पक्ष समोरासमोर येतात. गायकवृंद एकाला आव्हान देतो, तो आपली बाजू मांडतो, शेवटी एका श्वासात म्हणायची लांबलचक ओळ घेतो. मग तंतोतंत त्याच मापाने दुसऱ्याची पाळी. आपल्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात सवालाच्याच चालीत जवाब यावा लागतो, हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे पटकन उमगेल. या सामन्याला त्यांनी वापरलेलं 'अगोन' हे नाव आज अ‍ॅरिस्टोफेनिसवरच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतं.

इथे त्यांची पद्धत दिसते. ग्रंथ काय सांगतो हे विचारणारे पुष्कळ होते. झेलिन्स्की विचारत, कसं सांगतो? सामना कसा बांधलाय, वाक्य कसं संपतं, गोष्ट एका जागेवरून दुसऱ्या जागी कशी सरकते?

हा शेवटचा प्रश्न त्यांनी होमरला विचारला, आणि त्याचं उत्तर आजही 'झेलिन्स्कीचा नियम' म्हणून ओळखलं जातं.

समजा, एकाच वेळी दोन ठिकाणी दोन गोष्टी घडताहेत. आपली आजी काय करते? राजाला जंगलात सोडते आणि म्हणते, 'आता इकडे राजवाड्यात काय झालं?' मग राजवाड्यातलं सांगून पुन्हा मागे येते. म्हणजे काळ थोडा उलटा फिरवते. झेलिन्स्कींचं म्हणणं असं, की होमर काळ उलटा फिरवत नाही. त्याच्या गोष्टीतलं घड्याळ फक्त पुढे जातं. म्हणून ज्या दोन घटना समजुतीने पाहता एकाच वेळच्या, त्या तो एकीमागून एक घडल्यासारख्या सांगतो.

'इलियड'चं पंधरावं पर्व घ्या. देवांचा राजा झ्यूस झोपेतून जागा होतो तर रणांगणाचा रंग पालटलेला. तो इरिस आणि अपोलो दोघांना एकदमच बोलावून घेतो. इरिसने जाऊन समुद्रदेव पोसायडनला युद्धातून बाहेर काढायचं, अपोलोने जाऊन जखमी हेक्टरला उभं करायचं. दोन दूत, दोन दिशा, घाई दोन्हीकडे. दोघांना एकदम धाडायला काय हरकत होती? पण होमर आधी इरिसला पाठवतो. ती जाते, पोसायडनशी तिचं बोलणं होतं, तो कुरकुरत समुद्रात निघून जातो, आणि मगच झ्यूस अपोलोकडे वळून म्हणतो, पोसायडन गेला बरं का, आता तू नीघ. तोपर्यंत अपोलो नुसता उभा.

'ओडिसी'त तर हे फारच मोठ्या प्रमाणावर होतं. पहिल्या पर्वात देवांची सभा भरते. अथीना सुचवते: हर्मिसला कॅलिप्सोच्या बेटावर पाठवून ओडिसियसची सुटका करू, तोवर मी इथाकाला जाऊन त्याच्या मुलाला जागं करते. ती लगेच निघते. हर्मिस? तो निघतो पाचव्या पर्वात, आणि तेही देवांची दुसरी सभा भरून अथीनाने पुन्हा तीच तक्रार केल्यावर. मधली चार पर्वं मुलाच्या, टेलेमाकसच्या, प्रवासात गेलेली असतात. शतकानुशतकं पंडितांना ही दुसरी सभा टोचत होती. कुणी म्हणे, दोन वेगळी काव्यं शिवून एक केल्याची ही खूण आहे. झेलिन्स्कींच्या उत्तराने शिवणीची गरजच उरली नाही: कवीला दोन समांतर घटना सांगायच्या होत्या, मागे वळायची त्याची रीत नव्हती, म्हणून दुसरी घटना सुरू करायला त्याला सभा पुन्हा भरवावी लागली.

टेलेमाकसचंही तसंच. चौथ्या पर्वात तो स्पार्टाच्या राजाला सांगतो, मला जास्त दिवस ठेवून घेऊ नका, माझे सोबती वाट पाहताहेत. मग कवी बापाकडे वळतो. बाप तराफा बांधतो, सतरा दिवस समुद्र कापतो, वादळात सापडतो, परक्या राजाच्या घरी आपली सगळी कहाणी सांगतो आणि घरच्या किनाऱ्याला लागतो. पंधराव्या पर्वात कवी परत स्पार्टाला येतो, तर घाईत असलेला टेलेमाकस अजून तिथेच! गोष्टीतल्या दिवसांची बेरीज केली तर महिनाभराच्या आसपास मुक्काम झालेला. टेलेमाकस आळशी नव्हता. बाकीचं घड्याळ पुढे गेलं, तसं त्याचंही गेलं.

झेलिन्स्कींनी याची मुळं माणसाच्या नजरेत शोधली. दोन हालत्या गोष्टींवर डोळा एकदम ठरत नाही. एकीकडे पाहताना दुसरी अंधुक होते. म्हणून होमर एखाद्या जागेवरून नजर काढताना तिथे काहीतरी संथ, एकसारखं चालू ठेवतो: जेवण चाललंय, प्रवास चाललाय, लढाई तोलात आहे. तिथून हळूच दुसरीकडे जातो. हा ग्रंथ १९०१ चा. त्याला विरोधही भरपूर झाला. होमर काही ठिकाणी मागे वळतो, ऐकणाऱ्यांनाही घटना एकाच वेळच्या आहेत हे समजत असणार, असे आक्षेप आले. २००८ मध्येही अमेरिकेतल्या एका विद्वत्पत्रिकेत या नियमाचा फेरविचार करणारा लेख आला होता. मला स्वतःला नियम जसाच्या तसा पटत नाही, पण तो वाचल्यापासून महाभारतातलं 'त्याच वेळी' कुठे येतं आणि कुठे येत नाही, याकडे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही.

या सगळ्या मोजमापामुळे झेलिन्स्की कोरडे पंडित वाटतील. तसे ते मुळीच नव्हते. त्या काळच्या रशियात ग्रीक-लॅटिन हे विषय मुलांच्या मानगुटीवर बसवलेले होते. १८७१ च्या शिक्षण-सुधारणेने ते सक्तीचे झाले आणि व्याकरणाच्या तक्त्यांखाली मुलं दबून गेली. चेखॉव्हला भीतीने आखडून गेलेला माणूस रंगवायचा होता तेव्हा त्याने त्याला ग्रीकचा मास्तर केलं, ते उगाच नव्हे. अशा वातावरणात १९०३ मध्ये झेलिन्स्कींनी पीटर्सबर्गमधल्या शाळा सोडणाऱ्या मुलांपुढे व्याख्यानं दिली: प्राचीन जग आणि आपण. त्यातलं त्यांचं सूत्र फार सुंदर आहे. प्राचीन जग हा नियम नव्हे, ते बी आहे. म्हणजे जुन्यांनी केलं तसंच करा असं नाही. ते आपल्या मातीत पेरा आणि काय उगवतं ते पाहा. या व्याख्यानांची अनेक भाषांत भाषांतरं झाली.

सिसेरोवरच्या त्यांच्या आणखी एका पुस्तकात हेच बी दिसतं. १८९७ मधलं हे पुस्तक, पुढच्या आवृत्त्यांत कितीतरी वाढलेलं. त्या वेळी जर्मन इतिहासकार मॉमझेनच्या शब्दाला फार वजन होतं, आणि मॉमझेनच्या लेखी सिसेरो म्हणजे विचारांचा दरिद्री, वाईट अर्थाने पत्रकारी वळणाचा माणूस. झेलिन्स्कींनी मॉमझेनशी सरळ कुस्ती धरली नाही. त्यांनी सिसेरो पुढे कुणाकुणात उगवला हे दाखवलं. संत जेरोमला स्वप्न पडतं: देवाच्या न्यायासनापुढे तो म्हणतो, मी ख्रिस्ती आहे, आणि उत्तर येतं, खोटं, तू सिसेरोचा आहेस. ऑगस्टीनला ज्ञानाची ओढ लागते ती सिसेरोचं एक पुस्तक वाचून. १३४५ मध्ये इटालियन कवी पेत्रार्कला व्हेरोनात सिसेरोची खासगी पत्रं सापडतात आणि एका पुतळ्याच्या जागी त्याला रागावणारा, घाबरणारा, चुकणारा माणूस भेटतो. मग अठराव्या शतकात व्होल्तेर, ह्यूम आणि फ्रेंच राज्यक्रांतीतले वक्ते. ज्याच्याकडे स्वतःचं काही नव्हतं, त्याच्यापाशी तीन युगं पाणी भरायला का आली? एखाद्या लेखकाचं मोल त्याच्या वाचकांच्या इतिहासातून मांडण्याची ही रीत आज विद्यापीठांत रुळलेली आहे. तेव्हा ती नवी होती.

शिक्षक म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता. विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता, त्यांच्यासाठी पीटर्सबर्गमध्ये बेस्तुझेव्ह अभ्यासवर्ग होते. तिथेही ते शिकवत. १९१० मध्ये ते विद्यार्थ्यांना घेऊन ग्रीसला गेले. त्यांच्या विद्यार्थिनींपैकी काहींनी पुढे 'हेप्ताखोर' नावाचा नृत्यगट काढला. कवी व्याचेस्लाव इव्हानव आणि इनोकेंती आन्नेन्स्की यांच्यासह ते एक स्वप्न पाहत होते. पहिलं पुनरुज्जीवन इटलीत झालं, दुसरं गटेच्या जर्मनीत, तिसरं आता स्लाव लोकांत व्हायचं आहे, असं ते स्वप्न. निकोलाय बाख्तिनसारखे तरुण त्याने भारावून गेले होते.

या स्वप्नाला जमीन हवी तर ग्रीक नाटकं रशियनमध्ये आली पाहिजेत. झेलिन्स्कींनी सोफोक्लिस घेतला. १९१४-१५ मध्ये तीन खंड निघाले, प्रत्येक नाटकाला लांबलचक प्रस्तावना. या भाषांतरात मूळ ग्रीकमध्ये नसलेल्या रंगसूचना पुष्कळ आहेत: कोण कुठून येतो, कोण कुणाकडे पाहतो. शुद्धतावाद्याला हे रुचणार नाही. पण ग्रीक संहितेत रंगसूचना जवळजवळ नसतातच, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे मंच उभा राहावा ही त्यांची तळमळ त्यातून दिसते.

युरिपिडिसच्या बाबतीत मात्र त्यांनी जे केलं ते मला बोचतं. त्याची भाषांतरं आन्नेन्स्कीने केली होती आणि तो १९०९ मध्ये अचानक गेला. संपादनाचं काम झेलिन्स्कींकडे आलं. त्यांना आन्नेन्स्कीच्या ओळींत मुळापासून सुटलेल्या जागा दिसल्या आणि त्यांनी त्या दुरुस्त केल्या. कवीच्या घरच्यांनी तक्रार केली, आणि ती रास्त होती. आन्नेन्स्कीचा युरिपिडिस हा जितका युरिपिडिसचा तितकाच आन्नेन्स्कीचा. पंडित म्हणून झेलिन्स्कींचं बरोबर असेलही. पण मेलेल्या कवीचा शब्द बदलताना विचारणार कुणाला? चूक वाटली तर तळटीप द्यावी, ओळीला हात लावू नये, असं माझं मत आहे.

या घरात भाषांतराचा वारसा आणखी एका वाटेने गेला, आणि ती वाट दुःखाची आहे. झेलिन्स्कींना विवाहबाह्य संबंधातून झालेला मुलगा आद्रियान पिओत्रोव्स्की, जन्म १८९८. तो वडिलांच्या नावाने वाढला नाही, पण ग्रीक-लॅटिन त्याने वडिलांसारखंच आपलंसं केलं. अ‍ॅरिस्टोफेनिस, एस्किलस, कातुल्लस हे सगळे त्याने रशियनमध्ये आणले. लेनिनग्राडच्या लेनफिल्म या चित्रपटसंस्थेचा तो कलाप्रमुख होता. संगीतकार शोस्ताकोविचच्या 'निर्मळ झरा' या नृत्यनाट्याच्या कथानकात त्याचा हात होता. १९३७ मध्ये स्टालिनच्या दहशतीत त्याला पकडलं आणि नोव्हेंबरमध्ये गोळी घातली. वय एकोणचाळीस. रशियन वाचकांच्या पिढ्यांनी सोफोक्लिस वडिलांच्या भाषेत वाचला आणि अ‍ॅरिस्टोफेनिस मुलाच्या.

तोवर वडील रशियात नव्हते. १९१८ मध्ये पोलंड पुन्हा नकाशावर आला आणि १९२२ मध्ये झेलिन्स्की कायमचे वॉर्सात आले. वय साठीच्या पुढे. आयुष्यभर जर्मन आणि रशियनमध्ये लिहिलेल्या माणसाने आता पोलिशमध्ये ग्रंथ लिहायला घेतले. १९२८ मध्ये सोफोक्लिसच्या नाट्यकलेवरचा मोठा ग्रंथ क्राकूव्हला निघाला. पण शेवटची वीसेक वर्षं खरी गेली ती प्राचीन जगातल्या धर्मांवरच्या ग्रंथमालेत: आधी ग्रीस, मग अलेक्झांडरनंतरचा काळ, मग रोम, आणि शेवटी ख्रिस्ती धर्माचा उदय.

या मालेतलं १९२७ चं पुस्तक वादात सापडलं. त्यात त्यांनी मांडलं, की ख्रिस्ती धर्माची मानसिक जमीन यहुदी परंपरेने नव्हे, ग्रीक धर्माने तयार केली. खरा 'जुना करार' ग्रीकांचा. ग्रीकांवरच्या प्रेमापोटी त्यांनी यहुदी धर्माला अन्याय होईल अशा रंगात रंगवलं. त्यावर कडक टीका झाली, आणि ज्या दशकांत ज्यू नागरिकांबद्दलचा द्वेष युरोपभर वाढत होता, त्या दशकांत हे पुस्तक आलं हे विसरता येत नाही. सिसेरोच्या बाबतीत मोजल्याशिवाय न बोलणारा हा अभ्यासक इथे आपल्या प्रेमाला तराजूत घालायला विसरला.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन बॉम्ब वॉर्सावर पडले. झेलिन्स्कींचं घर विद्यापीठाच्या आवारात होतं, ते उद्ध्वस्त झालं. वय ऐंशी. त्याच वर्षाच्या शेवटाकडे ते बव्हेरियात आमर तळ्याकाठच्या शोन्डोर्फ गावी आपल्या मुलाकडे, फेलिक्सकडे, गेले. ज्या देशाने त्यांना विद्या दिली, ज्याच्या भाषेत त्यांनी आपले सर्वोत्तम ग्रंथ लिहिले, त्याच देशाने त्यांचं घर पाडलं होतं, आणि डोकं टेकायला जागा उरली ती तिथेच. तिथे बसून त्यांनी धर्मांच्या ग्रंथमालेचं काम पुढे नेलं, आत्मचरित्र लिहिलं आणि रोजनिशी ठेवली. ८ मे १९४४ रोजी ते तिथेच गेले. आत्मचरित्र आणि रोजनिशी पोलिश वाचकांच्या हाती एकत्र आली ती २००५ मध्ये.

सोफोक्लिसची नाटकं त्यांनी रशियनमध्ये नेली, पोलिशमध्ये नाही; पोलिश सोफोक्लिस क्राकूव्हच्या काझिमिएश मोराव्स्कींनी आधीच करून ठेवला होता. एस्किलस आणि अ‍ॅरिस्टोफेनिस मात्र पोलिशमध्ये आणले ते पीटर्सबर्गच्या वर्गात झेलिन्स्कींपुढे बसलेल्या स्तेफान स्रेब्र्नी यांनी. ते आधी विल्नोला शिकवत होते. युद्धानंतर विल्नो पोलंडच्या हद्दीबाहेर गेलं, तेव्हा ते तोरुन्यच्या नव्या विद्यापीठात आले आणि १९६२ मध्ये जाईपर्यंत ग्रीक नाटकाचंच काम करत राहिले.